चौधरी वाड्यातली शेतकरीण

बहिणाबाई चौधरी 3 डिसेंबर 1951 रोजी जळगावात वारल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक 1952 मध्ये निघालं. महाराष्ट्राला त्यांची ओळख झाली ती त्या गेल्यावर, आणि झाली ती कवयित्री म्हणूनच. शाळेतला धडा असो, जयंतीचं भाषण असो, नवल एकाच गोष्टीचं केलं जातं: अक्षरओळख नसताना ही बाई असं रचायची कशी? मला मात्र जास्त मोठी वाटतात ती त्यांची चाळीस वर्षं, तिशीत कुंकू पुसल्यापासून देह ठेवीपर्यंतची. एवढा काळ त्यांनी घर आणि शेत धरून ठेवलं. गाणी त्या धरून ठेवण्यातून आली.

त्यांचा जन्म 1880 च्या श्रावणात, जळगावजवळच्या असोद्यात, महाजनांच्या घरी झाला. वडील उखाजी, आई भिमाई. काळी कसदार जमीन, भाऊबहिणींनी भरलेलं घर. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींच्या घरात सून म्हणून आल्या. माहेर तसं जवळ, चालत गाठता येईल एवढंच. पण त्या काळच्या सासुरवाशिणीला आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेराहून न्यायला कुणी मुऱ्हाळी आल्याशिवाय ती वाट मोकळी नसे, आणि त्यांच्या गाण्यांत माहेरची वाट इतक्यांदा येते ती उगाच नाही.

जळगाव त्या वेळी कापसाच्या पैशावर वाढत होतं. रेल्वे होती, सरकी काढणारे आणि गठाणी बांधणारे कारखाने होते. शेतकऱ्याच्या घरात मात्र वर्ष पावसावरच चालायचं. लग्नाला पाच-सहा वर्षं होतात न होतात तोच 1899 चा पाऊस बुडाला आणि छप्पन्याचा दुष्काळ आला. त्याआधीच, 1896 पासून, मुंबईकडून प्लेग पसरू लागला होता. पुढे तो चौधरींच्या घरातही शिरला. थोरला मुलगा ओंकार त्यातून वाचला, पण कायमचा अपंग झाला. मग 1910 च्या सुमारास नथुजी गेले. मागे काशी, ओंकार आणि सोपान. सोपान 1907 चा, म्हणजे जेमतेम तीन वर्षांचा.

इथे थोडं थांबायला हवं, कारण त्या दिवशी बहिणाबाईंच्या हाती नेमकं काय उरलं होतं ते कुणी फारसं सांगत नाही. त्या वेळच्या हिंदू कायद्याप्रमाणे एकत्र कुटुंबातल्या विधवेला जमिनीत वाटा नव्हता. हक्क होता तो अन्नवस्त्राचा. जमीन मुलांची, आणि मुलं अजाण. बाईनं शेतात राबायचं, पेरायचं, राखायचं, पण मालकी म्हणून काही सांगायचं नाही. 1937 च्या कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या हिश्शात हयातीपुरता हक्क दिला, तोही कायद्यानंतर ज्यांचे नवरे वारले त्यांनाच. विधवेला वारसानं मिळालेल्या जमिनीची पुरी मालकी आली 1956 मध्ये, बहिणाबाई जाऊन पाच वर्षं झाल्यावर. आयुष्यभर जी माती त्यांनी इतक्या जवळून ओळखली, तिच्यावर कायद्याच्या लेखी त्यांचा असा काही हक्क नव्हता.

आणि त्या मातीचं सगळं काम त्यांना ठाऊक होतं. त्यांची गाणी शेताच्या क्रमानं वाचली की वर्षाचं सगळं कामकाज एकामागून एक समोर येतं. पहिला पाऊस आणि जमिनीचा सुटलेला वास. पेरणी. मग कापणी, विळ्याची धार. खळ्यावर बैलांच्या पायाखालची रगडणी. उपणणीच्या वेळी त्या वाऱ्याला हाका मारून बोलावतात, कारण वारा पडला की धान्य आणि भूस वेगळं होत नाही आणि अख्खा दिवस फुकट जातो. हे ज्यानं खळ्यावर उभं राहून वाऱ्याची वाट पाहिली आहे त्यालाच सुचणार. विहिरीवरच्या दोन मोटा, कणा आणि चाक, आणि त्या हाकणारा एकच माणूस, हे त्यांनी पाहिलं ते पाणी वेळेवर पोचलं पाहिजे या काळजीनं पाहिलं. त्यातून पुढे जो अर्थ निघाला तो थोर आहेच, पण आधी मोट खरी आहे.

घरातलंही तसंच. पहाटे घरोट्यावर दळण, ओल्या सरपणाची न पेटणारी चूल, धुरानं भरलेले डोळे. शहरातल्या रसिकाला यात साधेपणा दिसतो. मला त्यात हिशेब दिसतो. अंगात किती बळ आहे, दिवस किती उरलाय, घरात खाणारी तोंडं किती, हे जिला रोज पाहावं लागतं तिचं बोलणं नेमकं होतं, त्यात फापटपसारा राहत नाही.

नवरा गेल्यानंतरची गाणी वाचताना अंगावर काटा येतो. दुःख आहे, पण त्यात बसून राहणं नाही. रडून झालं की त्या स्वतःलाच समजावतात आणि लेकरांकडे वळतात. भविष्य सांगायला दारी आलेल्या ज्योतिषाला त्या परत पाठवतात. दैव काय आहे ते त्यांना कळून चुकलेलं आहे, दुसऱ्यानं सांगायची गरज नाही. त्या काळातल्या तरुण विधवेनं असं म्हणणं ही लहान गोष्ट नव्हे. आजही किती जणांना जमतं?

सोपान शिकला आणि कवी सोपानदेव चौधरी म्हणून नावारूपाला आला. अपंग थोरला मुलगा, शाळेत जाणारा धाकटा आणि पावसावरची शेती, एवढं सांभाळून त्यांनी हे साधलं. शाळेच्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट सोपाननं आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या सकाळी तिचं गाणं तयार होतं, असं सांगतात. गाणी उतरवून घेतली ती सोपानदेवांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी. ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि त्यांच्याच प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. ओठांवर आलेलं सगळं काही कागदावर उतरलं नाही. दळताना, खुरपताना जे गेलं ते गेलंच.

पुढचं सर्वांना माहीत आहे. 1961 च्या 'मानिनी' चित्रपटानं ती गाणी घरोघरी नेली. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, हा मान मोठाच आहे.

पण शेतकरी बाईचा प्रश्न तिथेच राहिला होता. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, तेव्हा राज्यभरातून शेतकरी बाया लोटल्या आणि त्यांचे हाल पहिल्यांदा एवढ्या मोठ्या आवाजात बोलले गेले. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: नवऱ्यानं हयातीतच जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. अनेकांनी केलाही. तरी आज खानदेशात कापूस वेचायला, निंदायला, खुरपायला बायाच पुढे असतात, आणि सातबारा उघडला तर बहुतेक उताऱ्यांवर नाव बाप्यांचंच दिसतं.

बहिणाबाईंची गाणी ज्यांच्या घरात म्हटली जातात अशा शेतकरी भावांना माझं एक मागणं आहे. जयंतीचा हार घाला, गाणी मुलांना शिकवा. आणि त्याच आठवड्यात तलाठ्याकडे जाऊन घरधनिणीचं नाव उताऱ्यावर लावून घ्या.