डोक्यातला गुंता वहीत उतरवा

‘सगळी कामं उरकली, की निवांत लिहायला बसेन,’ असं म्हणणारी माणसं मला नेहमी भेटतात. कुणाची कविता अर्धी असते, कुणाचं चादरीचं नवं डिझाइन. कामं काही उरकत नाहीत, कविताही होत नाही. वर्षं मात्र निघून जातात.

वेळ मिळाला तरी मन बसत नाही. वीजबिल राहिलंय, मावशीला फोन करायचाय, गॅस संपत आलाय. एकेक काम किरकोळ. पण अर्धवट राहिलेलं म्हणून टोचत राहतं. मध्येच थांबवलेल्या कामाकडे माणूस संधी मिळताच आपणहून वळतो, हे मारिया ओव्सियांकिना या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच दाखवून दिलं होतं.

मग आधी सगळी कामं संपवायची का? तशी गरज नाही. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या अमेरिकी संशोधकांनी २०११ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. राहिलेल्या कामाचे विचार लोकांच्या वाचनात लुडबूड करत होते. मात्र ते काम कधी, कुठं, कसं करायचं हे ज्यांनी पक्कं ठरवलं, त्यांची लुडबूड थांबली. काम झालं नव्हतं, नुसतं ठरलं होतं!

आपल्या सोलापुरी चादरीचंच पाहा. जेकार्ड मागावर विणकराला नक्षी पाठ करावी लागत नाही. परंपरेनं ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवलेली असते. कोणते धागे उचलायचे, ते कार्ड ठरवतं. विणकराचं लक्ष मोकळं राहतं. तुटलेल्या धाग्याकडे त्याला बघता येतं.

मीही लिहिण्याआधी पाच मिनिटं डोक्यात घोळणारं सगळं वहीत उतरवते. नुसतं ‘वीजबिल’ लिहून भागत नाही. ‘उद्या अकराला, नवी पेठेत जाताना भरायचं’ असं लिहिलं, की मन पिच्छा सोडतं. अट एकच, ठरल्या वेळी वही उघडायची. आपण वही पाळत नाही हे एकदा मनानं ओळखलं, की ते सगळं पुन्हा स्वतःकडेच धरून ठेवतं.

काळज्या मात्र वहीत मावत नाहीत. घरातल्या आजारपणाला तारीख घालता येत नाही. तिथं मी पुढचं पाऊल तेवढं लिहिते, ‘सोमवारी डॉक्टरांना विचारायचं.’ दुःख हलकं होत नाही; पण एका ओळीपुरती जागा होते. मंडळी, तेवढ्या जागेत आजची ओळ लिहून घ्यावी.