अनुदानाचे सहावे वर्ष

शाळा आणि ग्रंथालये यांना नव्या तंत्रसाधनांसाठी सरकारने अनुदान द्यावे की नाही, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. द्यावे, याबद्दल सर्व पक्षांचे एकमत आहे. आणि ज्या विषयावर सर्व पक्षांचे एकमत होते, त्याची तपासणी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. संगणक कक्ष झाले, स्मार्ट वर्गखोल्या झाल्या, डिजिटल फलक आले आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळांची भाषा ऐकू येऊ लागली आहे. दर वेळी क्रम मात्र तोच असतो. अर्थसंकल्पात तरतूद होते, निविदा निघतात, मार्चअखेरीपूर्वी घाईघाईने खरेदी उरकली जाते, पालकमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होते, उपयोगिता प्रमाणपत्र वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना होते आणि सरकारच्या लेखी ते अनुदान कारणी लागते. त्या यंत्राने पुढे किती मुलांना काय शिकवले, हे विचारणारा रकाना त्या प्रमाणपत्रात नसतो.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार २०२४-२५ या वर्षी देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. आदल्या वर्षी हेच आकडे अनुक्रमे ५७.२ आणि ५३.९ होते. एका वर्षात झालेली ही वाढ लहान नाही आणि तिचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. परंतु ही टक्केवारी सोय ‘असल्याची’ आहे. त्या सोयीचा वर्षातून किती तास उपयोग झाला, हे तिच्यावरून कळत नाही. अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही साठा आणि प्रवाह यांतील फरक शिकवावा लागतो. विहिरी किती खोदल्या हा एक आकडा आणि शेताला पाणी किती मिळाले हा दुसरा. आपल्या शैक्षणिक नियोजनात विहिरी तेवढ्या मोजल्या जातात.

यात नवे काही नाही. शाळांत संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयोग १९८४ साली ‘क्लास’ या नावाने सुरू झाला. ब्रिटनमधील ‘बीबीसी मायक्रो’ संगणक निवडक शाळांना देण्यात आले. त्या काळात संगणक हा शब्दच इतका नवा होता की त्या खोलीत शिरण्यापूर्वी पायताण बाहेर काढून ठेवावे लागे. यंत्राविषयीचा हा भक्तिभाव शिक्षणाला पोषक नसतो. देव्हाऱ्यातल्या वस्तूला कोणी उघडून पाहत नाही आणि ती बिघडली तर दुरुस्तीही करीत नाही. तेव्हापासून योजनांची नावे बदलत गेली. २००४ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची, म्हणजे ‘आयसीटी’ची, केंद्रीय योजना आली. २०१८ मध्ये ती समग्र शिक्षा अभियानात सामावली गेली.

या शेवटच्या योजनेचे निकष मुळातून पाहण्यासारखे आहेत. २०२१-२२ पासूनच्या निकषांनुसार एका शाळेच्या संगणक कक्षासाठी जास्तीत जास्त ६ लाख ४० हजार रुपये अनावर्ती, म्हणजे एकदाच मिळणारे, अनुदान आहे आणि दरसाल जास्तीत जास्त २ लाख ४० हजार रुपये आवर्ती अनुदान आहे. हे आवर्ती अनुदान पाच वर्षे मिळते. आता साधा हिशेब करू. पाच वर्षांचा एकूण खर्च १८ लाख ४० हजार रुपये होतो. त्यात खरेदीचा वाटा जेमतेम ३५ टक्के आणि चालवण्याचा ६५ टक्के आहे. म्हणजे संगणक विकत घेण्यास जो पैसा लागतो, त्याच्या ३७.५ टक्के पैसा तो नीट चालू ठेवण्यास दरसाल लागतो, हे सरकारने स्वतःच लिहून दिले आहे! इतका वास्तववादी निकष आखणाऱ्या अधिकाऱ्याचे अभिनंदनच केले पाहिजे. पण मग सहाव्या वर्षी काय?

सहाव्या वर्षी त्या कक्षाची जबाबदारी शाळेवर येते. शंभरापेक्षा जास्त आणि अडीचशेपर्यंत पटसंख्या असलेल्या सरकारी शाळेला याच अभियानातून दरसाल ५० हजार रुपयांचे संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यातून खडू, फळे, किरकोळ दुरुस्त्या, पाणी आणि वीजबिल भागवायचे असते. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. तीस किंवा त्याहून कमी मुलांच्या शाळेला तर अवघे दहा हजार मिळतात. दोन लाख चाळीस हजारांची गरज पन्नास हजारांच्या एका कोपऱ्यातून भागेल अशी अपेक्षा कोणीच गांभीर्याने धरत नसणार. नेमके याच सुमारास संगणकांचे आयुष्यही सरत आलेले असते. घसारा नावाची गोष्ट खासगी कारखानदार पहिल्या दिवसापासून आपल्या ताळेबंदात मांडतो. शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत मात्र संगणक निर्लेखनाच्या दिवसापर्यंत मूळ किमतीलाच जिवंत असतो.

माणसांची गोष्ट याहून वाईट. महाराष्ट्रात या योजनेचे मोठे टप्पे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर राबवले गेले. पाच वर्षे खासगी संस्थेने कक्ष चालवायचा, शिक्षकही तिनेच नेमायचा आणि नंतर सारे शाळेच्या हवाली करायचे, अशी ती व्यवस्था होती. रस्ते आणि पूल यांच्यासाठी हे तत्त्व कदाचित चालून जात असेल. पुलाला शिकवावे लागत नाही. येथे मुदत संपली तसे यंत्रांचे हस्तांतरण झाले आणि संगणक शिक्षकांच्या नेमणुका संपल्या. पाच वर्षांत त्यांनी जो अनुभव मिळवला होता, मुलांच्या अडचणींची जी ओळख करून घेतली होती, ती कोणत्याच नोंदवहीत नव्हती आणि म्हणून तिचे हस्तांतरण झाले नाही. त्या शिक्षकांनी आझाद मैदानावर आंदोलने केली. वृत्तपत्रांनी त्यांच्याकडे नोकरीचा प्रश्न म्हणून पाहिले. तो शैक्षणिक भांडवल वाया जाण्याचाही प्रश्न होता.

देणगी किंवा अनुदान देताना पुढच्या काळाची तरतूद कशी बांधून घ्यावी, याचे एक उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. अँड्र्यू कार्नेगी या अमेरिकन पोलादसम्राटाने ग्रंथालयांच्या इमारतींसाठी अफाट पैसा दिला. एकट्या अमेरिकेत त्याच्या पैशातून १६७९ सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली. त्याची अट सरळ होती. गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरसाल करातून ग्रंथालयावर खर्च करण्याचा ठराव करावा. दहा हजार डॉलर हवे असतील तर वर्षाला हजार डॉलरची हमी दिली पाहिजे. पुस्तकांसाठी तो पैसा देत नसे. ती गावाची जबाबदारी. काही गावांना ही अट जाचक वाटली आणि त्यांनी देणगी नाकारली. त्यांचा निर्णय प्रामाणिक होता असेच म्हणावे लागेल.

तरीही ही अट पुरेशी ठरली नाही. १९१६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनने अॅल्विन जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञाकडून (आमच्या व्यवसायाचा कधीमधी असा उपयोग होतो) या साऱ्या कामाची पाहणी करवून घेतली. अनेक गावे आपले वचन पाळत नव्हती. शिवाय इमारत आहे, पण प्रशिक्षित ग्रंथपाल नाही, अशी स्थिती ठिकठिकाणी होती. माणसांच्या प्रशिक्षणाकडे वळा, असा त्याच्या अहवालाचा रोख होता. नव्या इमारतींसाठी देणग्या देणे १९१७ नंतर थांबले. स्वतःच्या दानाची अशी झडती घेऊन धोरण बदलणारा दाता विरळा. आपल्याकडे एखादी योजना फसली की तिला नवे नाव मिळते.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. मालेगावजवळच्या कवळाण्यातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आपल्या संस्थानात बोलावले. पुढे जे उभे राहिले त्यात गावोगावची वाचनालये होती, पेट्यांमधून हिंडणारी फिरती ग्रंथालये होती आणि आज ज्याला आपण ‘नवोपक्रम’ म्हणू असा एक दृश्यशिक्षण विभागही होता. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला. त्याच सुमारास बडोदे संस्थानाचा ग्रंथालय विभाग जादूचे कंदील, स्टिरिओस्कोप आणि चलचित्रयंत्र घेऊन निरक्षर प्रजेपर्यंत पोहोचत होता. यातली लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, प्रत्येक गावाला एकेक चलचित्रयंत्र वाटण्याचा उद्योग सयाजीरावांनी केला नाही. यंत्रे विभागाकडे राहिली, ती हाताळणारी माणसे विभागाची होती आणि खेळ गावोगाव फिरत असे. गावच्या वाचनालयाच्या खर्चाची व्यवस्था वेगळी होती. लोकांनी जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा तिहेरी वाटा ठरलेला होता. महाग यंत्र आणि त्याचा जाणकार हे मध्यवर्ती, तर रोजच्या वापराची संस्था स्थानिक, ही विभागणी आजही कालबाह्य झालेली नाही.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो खरा आहे. लोकवाटा मागितला की सधन गाव पुढे सरकते आणि आदिवासी पाडा मागे राहतो. ज्यांना अनुदानाची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच अट पुरी करणे जमत नाही. यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून ‘ई-रेट’ ही योजना निघाली. शाळा आणि ग्रंथालये यांना इंटरनेट जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत मिळते. परिसर जितका गरीब आणि दुर्गम, तितकी सवलत अधिक. पण काही वाटा प्रत्येकाला उचलावाच लागतो. दरसालच्या बिलालाही ही मदत मिळते, आणि तिचा पैसा सरकारच्या वार्षिक अंदाजपत्रकातून न येता दूरसंचार कंपन्यांच्या अंशदानातून उभ्या केलेल्या निधीतून येतो. या निधीच्या वैधतेला दिलेले आव्हान तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळले. सारेच तेथे आलबेल आहे असे मात्र नव्हे. घरी इंटरनेट नसलेल्या मुलांना आणि वाचकांना जोडणीची उपकरणे उसनी देण्यासाठी २०२४ मध्ये दिलेली मुभा २०२५ च्या सप्टेंबरात काढून घेण्यात आली. सत्तेचा वारा बदलला की काय होते ते यातून दिसते. परंतु मूळ जोडणीचा खर्च कायद्यात बांधलेला असल्यामुळे तो टिकला.

आपल्या ग्रंथालयांच्या पाठीशी असा स्थिर निधी नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. तमिळनाडू आणि कर्नाटक यांच्या कायद्यांत ग्रंथालय उपकराची तरतूद आहे. आपण ती केली नाही. परिणामी गावोगावची मान्यताप्राप्त वाचनालये सर्वस्वी वार्षिक अनुदानाकडे डोळे लावून बसतात. २०२२ मध्ये, बऱ्याच वर्षांच्या मागणीनंतर, या अनुदानात ६० टक्के वाढ झाली. त्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचे वार्षिक अनुदान झाले ४८ हजार रुपये. महिन्याला चार हजार! त्यातले निम्मे ग्रंथपालाच्या वेतनावर गेले असे धरले तर उरलेल्या दोन हजारांत पुस्तके, वृत्तपत्रे, दिवाबत्ती आणि जागेची देखभाल बसवायची. अशा संस्थेला कोणी संगणक भेट दिला तर ती देणगी म्हणावी की दंड? आमच्या तालुक्यातील एका वाचनालयात असा एक संगणक मी पाहिला आहे. त्याच्यावर स्वच्छ धुतलेला अभ्रा घातलेला होता. ग्रंथपालबाईंना मी विचारले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, बिल भरलं की चालू करतो. परीक्षेच्या दिवसांत मुलं मागतात, तेव्हा दोन महिने भरतो.” दोन महिन्यांचे ते नियोजन कोणत्याही समितीच्या नियोजनापेक्षा शहाणपणाचे होते. कारण ते मागणी पाहून केलेले होते.

तेव्हा अपेक्षा माफक आहे. ज्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या यंत्राची पुढील दहा वर्षांची निगा आणि एकदा पुनर्खरेदी यांची तरतूद करता येत नाही, तेथे ते आज घेऊ नये. शंभर शाळांना यंत्रे देण्याच्या पैशात चाळीसच शाळा होतील, अशी तक्रार यावर होईल. होऊ द्यावी. साठ शाळांतील धूळ खाणाऱ्या संगणकांना शिक्षणावरील गुंतवणूक म्हणण्यापेक्षा ते बरे. शिवाय त्या साठ शाळा वाऱ्यावर सोडण्याचे कारण नाही. तालुक्याच्या ‘अ’ वर्ग ग्रंथालयात किंवा गटसाधन केंद्रात एक पगारी, कायम नेमणुकीचा तंत्रज्ञ आणि फिरत्या संचांची एक गाडी ठेवली, तर लहान शाळांना आठवड्यातून एक दिवस का होईना, चालू स्थितीतले यंत्र आणि ते जाणणारा माणूस मिळेल. बडोद्यात शंभर वर्षांपूर्वी जमले ते येथे न जमण्यासारखे काही नाही.

आणि अनुदानातील काही भाग तरी संस्थेच्या विचारावर सोडावा. एका गावाला संगणकापेक्षा सौरपट्ट्या आधी हव्या असतील, दुसऱ्याला अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तके, तिसऱ्याला फक्त नियमित वीज. सर्वांना एकाच निविदेतला एकच संच पाठवणे खरेदी करणाऱ्याच्या सोयीचे असते. वित्त विभागाला यात शिस्तभंग दिसेल, लेखापरीक्षक आक्षेप घेतील. लेखापरीक्षकांनी जडवस्तू नोंदवही तपासताना एकदा यंत्राची कळ दाबूनही पाहावी. त्यांच्या आक्षेपांची यादी निराळी होईल.