मोजून घेतलेले शब्द

हिंगोलीत पत्ता विचारत निघालं की पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं कानावर येतात. गावात आज तोफा नाहीत की घोडे नाहीत, पण रिक्षावाल्याला यातलं कुठलंही नाव सांगा, तो विनाचूक नेऊन सोडतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘युद्धकाळातली तार’ हा विषय दिला, तेव्हा मुंबई-पुण्याची मोठी तारघरं सोडून मी हिंगोली गाठलं ते या नावांपायी. ज्या गावात पेन्शनीत निघालेल्या शिपायांच्या नावानं एक वस्ती आहे, तिथं लढाईच्या खबरीची वाट पाहणारी दारंही असणारच, एवढाच माझा हिशेब होता.

हा भाग निजामाच्या राज्यातला, वऱ्हाडाच्या शिवेवरचा. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची छावणी इथं होती. पैसा निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ती फौज. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. मागं वस्त्यांची नावं राहिली आणि कापसाचा बाजार राहिला. पण फौज कुठं नाहीशी झाली नव्हती. तिच्या घोडदळातून डेक्कन हॉर्स उभी राहिली. ती १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर भाले सरसावून धावली आणि सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरला रणगाड्यांनिशी लढली. पायदळाच्या पलटणी १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेल्या. त्या रेजिमेंटला १९४५ मध्ये कुमाऊँ हे नाव मिळालं.

तारेचा सरकारी इतिहासही लवकर आटोपतो. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली लाइन, १८५५ पासून सामान्य लोकांना तार करायची मुभा. ११ मे १८५७ ला दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला उठावाची खबर गेली आणि या यंत्राची किंमत सरकारला एका दिवसात कळली. घरच्या माणसांच्या वाट्याला मात्र ही तार फार उशिरा आली. पहिल्या महायुद्धात खुद्द ब्रिटनमध्ये मेलेल्या अधिकाऱ्याच्या घरी तार जाई आणि साध्या शिपायाच्या घरी टपालानं छापील फॉर्म. आपल्या शिपायांनी फ्रान्सहून लिहिलेली पत्रं तर आधी सेन्सॉरच्या टेबलावर उघडली जात, वाचली जात, मग पुढं निघत.

माझी अशी समजूत होती की आघाडीवर माणूस पडला की तिथूनच तार घराकडं निघते. तसं नव्हतं. पलटणीकडून नोंद वर जाई, तिथून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा रेजिमेंटचं हे ऑफिस बेळगावला. तिथं शिपायाचा नंबर, वारसाचं नाव, गाव, पोस्ट, तालुका अशा नोंदी ठेवलेल्या. कुणी कारकून ती नोंद काढे, मजकूर लिही आणि मग तार सुटे. तारेमागून त्याच मजकुराचं पत्र टपालानं येई. म्हणजे रणांगण आणि उंबरठा यांच्यामध्ये कितीतरी टेबलं, कितीतरी हात. त्या साखळीतला शेवटून दुसरा हात मला हिंगोलीत भेटला.

त्यांना मी मास्तर म्हणतो. “खात्यात होतो तवा कधी पेपरात नाव आलं नाही, आता कशाला?” असं म्हणून त्यांनी नाव छापायला नको सांगितलं. वय पंचाहत्तरीच्या पुढं. तरुणपणी तारेच्या कामाचं शिक्षण घेऊन ते लाइनवर बसले आणि १९७१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाताखाली मोर्सची की होती. मोठ्या शहरांत तोवर टेलिप्रिंटर आले होते. तिथं छापून आलेली फीत कातरून कागदावर चिकटवत. लहान ऑफिसात मात्र कान, पेन्सिल आणि कार्बन.

मास्तरांकडं आता यंत्र नाही. ते खात्याचं होतं, खात्याकडं गेलं. मला दाखवायला त्यांनी पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला.

“सिनेमात बीप-बीप दाखवतात ना, तसलं काही नसतंय साऊंडरला,” ते म्हणाले. “हे ऐका.” त्यांनी अडकित्ता मिटला, एक आवाज झाला. उघडला, दुसरा झाला, जरा हलका. साऊंडरमध्ये हेच होतं. तारेतून वीज आली की चुंबक पितळी दांडी खाली ओढतं, कट्ट. वीज थांबली की स्प्रिंग ती वर घेते, पुन्हा कट्ट, पण निराळ्या सुरात. दोन्हींच्या मधला वेळ थोडा असेल तर डॉट, तिप्पट असेल तर डॅश. “आवाज ऐकायचा नसतोय. आवाजाच्या मधली जागा ऐकायची असती.”

हे ऐकून मी गप्प झालो. पुढचा तासभर मी त्यांच्याकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून घेतली. लष्करी तारेत येणारे तीन इंग्रजी शब्द मला त्या अडकित्त्यावर ऐकायचे होते: किल्ड, वुंडेड, मिसिंग.

मिसिंग हा त्यांच्या मते सगळ्यात अवघड. सुरुवातीला एमचे दोन डॅश येतात. मग आय, एस, एस, आय. दोन, तीन, तीन आणि दोन, असे सलग दहा डॉट, मध्ये एकही डॅश नाही. शेवटी एन आणि जी. त्या दहा डॉटांत अक्षरं वेगळी पडतात ती फक्त मधल्या थांब्यांनी. समोरच्याचा हात थकला, आय आणि एस यांच्यातला थांबा गेला, की दोन आणि तीन मिळून पाच डॉट होतात, आणि पाच डॉट म्हणजे ५ हा आकडा. मास्तरांनी दोन्ही वाजवून दाखवलं. मला फरक कळला नाही. त्यांनी तिसऱ्यांदा वाजवलं, आणि मग मला तो थांबा सापडला. आवंढा गिळायला लागतो तेवढासुद्धा नाही.

अशा कानावर सगळं सोडून चालत नाही हे तार खात्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मोजणी लावून दिली. प्रत्येक तारेच्या डोक्यावर शब्दांची संख्या येई. घेणारा मजकूर उतरवून झाला की शब्द मोजी. बावीस सांगितले आणि एकवीस भरले तर ती तार घेतलीच नाही असं समजायचं, पुन्हा मागायची. आकडे मजकुराच्या शेवटी दुसऱ्यांदा पाठवले जात, पहिल्या आकड्यांशी ताडून पाहायला. या सगळ्या यंत्रणेत मला सर्वांत जास्त आदर वाटला तो या मोजणीचा. वेगाचं कौतुक सगळे करतात. पण मेलेल्या माणसाचं नाव आणि नंबर बरोबर आहे ना, हे दोनदा पाहिल्याशिवाय ते कुणाच्या हातात द्यायचं नाही, हा नियम करणाऱ्याला माणसाची कदर होती असं मी मानतो.

नंबराला इतकं महत्त्व का, ते मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. एका पलटणीत पाच शिंदे, सात जाधव, तीन पवार. बापाचं नावही जुळू शकतं. गावाचं नाव पिंपळगाव असेल तर कुठलं पिंपळगाव? माणूस निराळा काढतो तो नंबर.

“एकदा आकडा जुळंना,” मास्तर म्हणाले. डिसेंबर १९७१ ची संध्याकाळ. रेकॉर्ड ऑफिसची तार. मजकुरातला नंबर आणि शेवटी आलेला नंबर यांत एका आकड्याचा फरक. त्यांनी वरच्या ऑफिसला पुन्हा मागितला. लाइनवर लढाईच्या दिवसांतली गर्दी, समोरचा चिडलेला, सरकारी तारा खोळंबलेल्या. तो म्हणे, नाव बरोबर आहे ना, मग पुढं सरक. मास्तर सरकले नाहीत. वरच्यानं त्याच्या वरच्याला विचारलं, तिथून उत्तर आलं, आणि पाऊण तासानं आकडा जुळला. तोवर तार वाटणारा शिपाई सायकल टेकून बाहेर उभा होता.

“काय होतं तारेत?” मी विचारलं.

मास्तर नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “ते सांगता येत नाही.”

मला वाटलं, आठवत नसेल. तसं नव्हतं. तारेतला मजकूर बाहेर फोडणं हा १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानं गुन्हा होता, तुरुंगाची शिक्षा असलेला. तो कायदा आता जाऊन नवा आला. खात्याची १९८५ मध्ये फाळणी झाली, टपाल एकीकडं आणि दूरसंचार दुसरीकडं. तार तर केव्हाच बंद झाली. मास्तरांचा नेम तसाच आहे. त्यांनी मला नंबराची गोष्ट सांगितली, मजकुराची नाही. त्या संध्याकाळी कुठल्या घरी काय गेलं ते मला कळलं नाही, आणि ते कळू नये यासाठी एक माणूस अर्धशतक तोंड मिटून बसला आहे, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

आता अडचणींचं सांगायला हवं, कारण मास्तर बोलत होते तसं माझं कौतुक कमी आणि काळजी जास्त होत गेली.

वीज क्षणात पोचते, माणूस पोचत नाही. तारघराच्या ठरावीक हद्दीत तार हातोहात मिळे. हद्दीबाहेरच्या गावाची तार टपालाच्या थैलीत जाई. शेकडो कोस क्षणांत तोडून आलेली खबर मग शेवटच्या चार-पाच कोसांसाठी सकाळच्या मोटारीची वाट बघत पडून राही. पावसाळ्यात कयाधू नदीला पाणी आलं की पलीकडची गावं तुटत. १९६५ ची लढाई ऐन भादव्यातली, हे इथं आठवतं.

पोचलेली तार वाचणार कोण? १९४९ पासून देवनागरीत तार करता येऊ लागली, पण लष्कराच्या तारा इकडं इंग्रजीतच यायच्या, असं मास्तर सांगतात. मग तो कागद घेऊन शाळेच्या गुरुजींकडं, नाहीतर स्टेशनमास्तरकडं पळायचं. बहुतेक घरी त्याचीही गरज पडत नसे. तारवाला दारात दिसला की बायाबापड्या आधी रडायला लागत, लिफाफा नंतर फुटे. पोरगा सुट्टीवर येतोय अशी खुशीची तारसुद्धा आधी रडवून मग हसवायची. आपल्या भाषेत ‘तार आली’ एवढंच म्हटलं तरी पुढचं विचारायची सोय उरली नव्हती.

उलट दिशेची तार तर आणखी पेचात सापडलेली. शिपायाला घरून तार जाई: आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. रजा मिळायला पुरावा हवा आणि तार हा पुरावा. त्यामुळं आई बरी असतानाही तशा तारा सुटत, आणि साहेब खऱ्या तारेवरही शंका घेई. स्थानिक अधिकाऱ्यांकडून खात्री करून घेण्यात दिवस जात. खरंच आई गेलेल्या पोराला त्या दिवसांचा हिशेब कुणी द्यायचा? तरीही, अगदी अखेरपर्यंत या सेवेला धरून राहिलेल्यांत जवान होते, ते या रजेच्या कागदापायीच.

आणि मग तो दहा डॉटांचा शब्द. बेपत्ता. किल्ड आलं तर घर कोसळतं, पण पुढं काय करायचं ते रीतीनं ठरलेलं असतं. दहावा असतो, तेरावा असतो, भावकी येते. मिसिंग आलं तर काय करायचं? कुंकू ठेवायचं की पुसायचं? १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमध्ये रेझांग ला इथं १३ कुमाऊँची एक कंपनी जवळजवळ सगळी कापली गेली. ती पलटण स्वातंत्र्यानंतरची, पण रेजिमेंट तीच, हिंगोलीच्या छावणीशी जिचं जुनं नातं. बर्फात गोठलेले ते जवान १९६३ उजाडल्यावर सापडले, शस्त्रं हातात धरलेले. मधल्या दिवसांत त्यांच्या घरांनी काय धरून चालावं? सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरायला कायदा मुभा देतो. घरातली बाई सात वर्षं कशी धरणार, ते कायद्यात नाही. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत बेपत्ता झालेल्या ५४ जणांच्या यादीचा विषय आजही निघतो, आणि त्यातल्या घरांत एक पिढी वाट पाहून संपली. मोजणी, ताडणी, दोनदा पाठवलेला आकडा, यातलं काहीही या एका शब्दापुढं उपयोगाचं नव्हतं. शब्द बरोबर उतरवला होता. त्याचा अर्थच अर्धा होता.

हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, आणि त्याच महिन्यात कारगिल पेटलं. तोवर घरोघर टीव्ही होता. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातली शेवटची तार गेली. डेक्कन हॉर्सच्या त्या धावण्याचाही दिवस १४ जुलैच, हे मला कॅलेंडर चाळताना दिसलं आणि उगाच चटका लागला. आता घरच्यांना फोन येतो, अधिकारी स्वतः येतात, हे चांगलंच आहे. पण त्याआधी कुणाच्या तरी मोबाइलवर फोटो येतो, आणि तो पुढं ढकलणारा कुणी शब्द मोजत नाही, नंबर ताडत नाही. एका चुकीच्या नावानं एखाद्या घरात तासभर काय होत असेल, याचा विचार मला हिंगोलीतून परतताना सोडत नव्हता.

निघताना मी मास्तरांना माझा फोन नंबर दिला, घाईत, चपला घालता घालता. त्यांनी कॅलेंडरच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं लिहून घेतला. मी दाराबाहेर पाऊल टाकलं तशी मागून हाक आली, “थांबा की.” दहाही आकडे त्यांनी एकेक करून मला वाचून दाखवले. मी हो म्हटलं. मग शेवटचे चार पुन्हा वाचले, आणि मी दुसऱ्यांदा हो म्हटल्यावर पेन्सिल खाली ठेवली.