नॉरफोक

नॉरफोक ही इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील काउंटी असून ती ईस्ट अँग्लिया या प्रदेशात मोडते. तिच्या उत्तरेस व पूर्वेस उत्तर समुद्र, वायव्येस वॉश हे उथळ आखात व लिंकनशायर, पश्चिमेस केंब्रिजशायर आणि दक्षिणेस सफोक आहे. क्षेत्रफळ सुमारे ५,३७० चौ. किमी असून २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ९ लाखांहून अधिक आहे. नॉरिच हे मुख्य शहर होय. सखल भूमी, संथ नद्या आणि लव्हाळ्यांनी वेढलेली सरोवरे ही या काउंटीची ओळख आहे. येथे निसर्गनिर्मित वाटणारा बराचसा परिसर प्रत्यक्षात मानवी श्रमांतून घडलेला आहे आणि त्याचा काही भाग समुद्र सातत्याने गिळत आहे.

भूरचना

नॉरफोकमध्ये पर्वत नाहीत. उत्तर किनाऱ्याजवळील बीकन हिल ही सर्वांत उंच टेकडी समुद्रसपाटीपासून जेमतेम १०० मीटरहून थोडी अधिक उंच आहे. पश्चिमेकडील फेन्स हा मूळचा दलदलीचा प्रदेश. सतराव्या शतकात कॉर्नेलियस फर्माउडेन या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली कालवे खणून तेथील पाण्याचा निचरा करण्यात आला व सुपीक शेतजमीन तयार झाली. मात्र पाणी आटल्याने तेथील माती आक्रसली व जमीन खचत गेली. त्यामुळे आज तेथील पाणी पंपांनी उपसून नद्यांत सोडावे लागते.

ब्रॉड्स

पूर्वेकडील उथळ सरोवरांना ‘ब्रॉड्स’ म्हणतात. ती नैसर्गिक असावीत, असा दीर्घकाळ समज होता. जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ महिलेने १९५० च्या दशकात सरोवरांच्या तळाशी व काठांवर छिद्रे घेऊन परीक्षण केले. काठ जवळजवळ उभे आणि तळ सपाट असल्याचे त्यांना आढळले. त्यावरून हे मध्ययुगीन खाणींचे खड्डे असल्याचे सिद्ध झाले. झाडी विरळ झालेल्या या भागात जळणासाठी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणून काढला जाई. पुढे समुद्राची पातळी वाढल्यावर हे खड्डे पाण्याने भरले व चौदाव्या शतकानंतर खाणकाम थांबले.

आज नौकाविहारयोग्य जलमार्गांची लांबी सुमारे २०० किमी आहे. काठच्या लव्हाळ्यांनी घरे शाकारण्याची परंपरा टिकून आहे. स्वॅलोटेल या फुलपाखराची ब्रिटिश उपजाती केवळ याच परिसरात आढळते. १९८८ च्या कायद्यान्वये ब्रॉड्सला राष्ट्रीय उद्यानाच्या तोडीचे संरक्षण मिळाले.

किनारा व धूप

ईशान्य किनाऱ्यावरील कडे हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे व चिकणमातीचे असल्याने लाटांपुढे टिकत नाहीत. हॅपिसबर्ग (स्थानिक उच्चार ‘हेझबरो’) येथील अनेक घरे या धुपीत नाहीशी झाली. याच धुपीमुळे २०१३ मध्ये तेथे ८ लाख वर्षांहून जुने मानवी पाऊलठसे उघडे पडले. आफ्रिकेबाहेर आढळलेले हे सर्वांत प्राचीन ठसे मानले जातात. अभ्यासकांनी त्यांची छायाचित्रे व मोजमापे घेतली आणि थोड्याच दिवसांत लाटांनी ते पुसून टाकले.

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री आलेल्या समुद्रपुरात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांत नॉरफोकमधील गावांची मोठी हानी झाली. २०१९ मध्ये बॅक्टन येथील नैसर्गिक वायूचे केंद्र व लगतची गावे वाचवण्यासाठी किनाऱ्यावर सुमारे १८ लाख घनमीटर वाळू पसरण्यात आली. मात्र संपूर्ण किनाऱ्याचे असे रक्षण करणे खर्चाच्या दृष्टीने शक्य नाही. त्यामुळे कोणता भाग राखावा व कोणता समुद्राच्या स्वाधीन करावा, हा किनारपट्टीवरील रहिवाशांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

प्रेक्षणीय स्थळे

नॉरिच येथील कॅथेड्रलचे बांधकाम १०९६ मध्ये सुरू झाले. त्याचा सुमारे ९६ मीटर उंचीचा मनोरा इंग्लंडमधील कॅथेड्रलांत सॉल्झबरीखालोखाल उंच आहे. याच शहरात राहिलेल्या ज्युलियन ऑफ नॉरिच यांचा ग्रंथ हा स्त्रीने लिहिलेला उपलब्ध असलेला सर्वांत जुना इंग्रजी ग्रंथ मानला जातो. २०१२ मध्ये युनेस्कोने नॉरिचला ‘साहित्यनगरी’ म्हणून मान्यता दिली.

थेटफर्डजवळील ग्राइम्स ग्रेव्ह्ज येथे नवाश्मयुगीन गारगोटीच्या खाणी असून त्यांपैकी एका विवरात पर्यटकांना उतरता येते. थेटफर्डमधील एन्शंट हाउस संग्रहालयाची वास्तू महाराजा दुलीपसिंग यांचे पुत्र फ्रेडरिक यांनी शहराला दिली. सँडरिंगहॅम हे राजघराण्याचे खाजगी निवासस्थान, क्रोमरचा धक्का व तेथील खेकडे, तसेच बर्नहॅम थॉर्प हे नौसेनानी नेल्सन यांचे जन्मगाव ही अन्य आकर्षणे होत. स्वॅलोटेल पाहण्यासाठी जून महिना, तर ब्लेकनी पॉइंट येथील सीलची पिल्ले पाहण्यासाठी हिवाळा अनुकूल असतो.