वेसाव्याचा डांबरगोळा आणि आपली मळी



पावसाळ्यात मुंबईला जाणे झाले तर वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जरा खाली बघून चालावे. कोळी लोक त्या गावाला वेसावे म्हणतात. जून ते ऑगस्टच्या दिवसांत नैऋत्येचा वारा सुटला की जुहू-वर्सोव्याच्या वाळूवर काळे, चिकट गोळे येऊन पडतात. काही सुपारीएवढे, काही चांगले लिंबाएवढे. आमचा पाय पडला आणि चप्पल काळी झाली. पाण्याने घासले, वाळूने घासले, निघेना. बोंबील वाळवायच्या काठ्यांपाशी बसलेली एक मावशी हसून म्हणाली, "पाण्यानं नाय जायचं ते, तेल लावा." गोडेतेलाचा बोळा फिरवला, तेव्हा कुठे सुटले.

हा गोळा काय असतो? समुद्रात जहाजांतून, टाक्या धुताना किंवा एखाद्या गळतीतून सांडलेले तेल. ऊन-वाऱ्याने त्यातला हलका भाग उडून जातो, जड भाग मागे राहतो आणि लाटांत वळून त्याचा गोळा होतो. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा चित्रामधून शेकडो टन तेल सांडले आणि कोळी बांधवांच्या मासेमारीला मोठा फटका बसला. थोडक्यात, रिफायनरी जे काम भट्टी लावून करते, त्यातले निम्मे काम समुद्र फुकटात करतो. हलके वर, जड खाली. उरलेले निम्मे काम म्हणजे त्या जडाचे हलके करणे. ते समुद्राला जमत नाही आणि खरा पैसा त्यातच आहे.

कच्च्या खनिज तेलालाही उतारा असतो, हे आपल्या लोकांना पटकन समजेल. आपल्याकडे १०.२५ टक्के उतारा धरून २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी टनाला ३५५० रुपये ठरली आणि उतारा वाढला की वर भर मिळते. तेलातही तसेच आहे. पातळ आणि गंधक कमी असलेल्या तेलातून पेट्रोल-डिझेल सहज आणि जास्त निघते, म्हणून त्याला भाव. काकवीसारखे घट्ट, गंधकाने भरलेले तेल स्वस्त. आपले बॉम्बे हायचे तेल पहिल्या जातीचे. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ते शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पण देशाची भूक मोठी आहे. आपण वापरतो त्यातले ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल बाहेरून येते आणि त्यात जड, गंधकी तेलही पुष्कळ असते.

वेसाव्याच्या बोटींत पडणारे डिझेल ज्या जातीच्या कारखान्यांत तयार होते, ते मुंबईच्या दुसऱ्या अंगाला, ट्रॉम्बे-माहुलला आहेत. तिथे १९५४ मध्ये स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीची रिफायनरी सुरू झाली. तीच पुढे एस्सो आणि नंतर हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. १९५५ मध्ये शेजारीच बर्मा शेलची सुरू झाली. ती १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि तिचे भारत पेट्रोलियम झाले. चेंबूरकडून जाताना जी उंच नळकांडी आणि त्यावरची ज्योत दिसते, ती त्यांचीच.

आत काय चालते ते आपल्या पॅन हाऊसवरून सांगतो. कच्चे तेल भट्टीत साधारण ३५० ते ३७० अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. गॅस आणि पेट्रोलचा भाग सर्वात वर जातो, त्याखाली रॉकेल, त्याखाली डिझेल, आणि तळाशी जड गाळ. आता या तळच्या मालाला आणखी आच दिली तर तो उकळण्याआधीच करपतो आणि नळ्यांना कोळसा धरतो. गुऱ्हाळात आच जास्त झाली की काकवी करपते, तोच प्रकार. मग उपाय काय? आपल्या पॅनमनला विचारा. आपण रस उघड्या कढईत आटवत नाही, पॅनमधली हवा ओढून घेतो, म्हणून तो साठ-सत्तर अंशांना उकळतो आणि साखर जळत नाही. रिफायनरीतही तळचा माल दुसऱ्या मनोऱ्यात निर्वातात उकळतात. युक्ती एकच, कढई तेवढी वेगळी.

एवढे करूनही तळाशी जे राहते, ती तेलाची मळी. जड तेलात ही मळी फार निघते. पूर्वी ती भट्टीत जाळायला, जहाजांना आणि डांबराला जायची. पण जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा २०२० पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, तसे ते गिऱ्हाईकही आटले. मग तिचे करायचे काय?

तिचे तुकडे करायचे. तेल म्हणजे कर्बाच्या कणांच्या साखळ्या. पेट्रोलची साखळी चार-पाच ते बारा कणांची, डिझेलची त्याहून लांब, आणि तळच्या मालाची पन्नासच्या पुढे. लांब साखळी तोडली की हलका माल मिळतो. १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम बर्टन यांनी नुसत्या उष्णतेने आणि दाबाने हे धंद्याच्या पातळीवर करून दाखवले. पुढे १९३० च्या दशकात यूजीन हूड्री या फ्रेंच माणसाने उत्प्रेरक वापरला. आज बारीक भुकटीसारखा उत्प्रेरक पाचशे अंशांच्या वर तापवून तेलाबरोबर उडवतात आणि साखळ्या क्षणात तुटतात.

यात एक मेख आहे. जड तेलात कर्ब जास्त, हायड्रोजन कमी. हलके करायचे तर हिशेब जुळवावा लागतो : एक तर कर्ब काढून टाका, नाही तर हायड्रोजन घाला. कर्ब काढायचा म्हणजे कोकर. त्यात माल तापवून मोठ्या पिंपात ठेवतात, हलके वाफ होऊन निघते आणि दगडी कोळशासारखा कोक मागे राहतो. जामनगरच्या रिलायन्सच्या रिफायनरीत असा मोठा कोकर आहे, म्हणून ती स्वस्तातले जड तेल पचवू शकते. दुसरी रीत हायड्रोक्रॅकरची. शंभर-दीडशे पट हवेच्या दाबाखाली हायड्रोजन घालायचा. डिझेल उत्तम मिळते, पण यंत्रणा महाग आणि काम धोक्याचे. ८ ऑगस्ट २०१८ ला माहुलच्या भारत पेट्रोलियमच्या हायड्रोक्रॅकर विभागात स्फोट होऊन आग लागली आणि अनेक कामगार जखमी झाले. स्वस्त तेलाच्या मागे असाही खर्च असतो.

हायड्रोजन घालताना गंधकही सुटते. एप्रिल २०२० पासून आपल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत फक्त दहा भाग गंधक चालते, त्यामुळे ते काढावेच लागते. काढलेल्या गंधकाचा पिवळा माल होतो. आपल्याकडे रस पांढरा करायला जी गंधकाची भट्टी पेटते, तीत जाणारे गंधक बहुतांशी तेल आणि वायूमधूनच निघालेले असते. दुकानात साखर घेणाऱ्याला हे सांगितले तर त्याला खरे वाटायचे नाही.

आता घरचे बोलू. शिवारात फिरताना सभासद विचारतात, "साहेब, ऊस आम्ही घालायचा, साखर तुम्ही करायची, मग डिस्टिलरीवर एवढा पैसा कशाला? तोच बिलात द्या." प्रश्न रास्त आहे, तो टाळण्यात अर्थ नाही. टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो शेवटची मळी निघते. टनभर मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास इथेनॉल मिळते. म्हणजे टन उसामागे नऊ-दहा लिटर. २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षात या सी-हेवी मळीच्या इथेनॉलला सरकारने लिटरला ५७ रुपये ९७ पैसे भाव ठरवला होता. ढोबळ हिशेबाने टनामागे सव्वापाचशे ते पावणेसहाशे रुपये झाले. यातून वाफ, मजुरी, कर्जाचे हप्ते आणि नुसती मळी विकून आले असते ते पैसे वजा करा. उरेल तो डिस्टिलरीचा खरा फायदा. अहवाल हातात आला की हाच आकडा शोधावा आणि सभेत विचारावा.

आमचे मत विचाराल तर रिफायनरीवाल्याने जे केले तेच आपण करतो आहोत. तळच्या मालाला भाव आणणे. त्यात आपला क्रॅकर म्हणजे यीस्ट. त्याला ना पाचशे अंश लागतात ना दाब, बत्तीस-तेहतीस अंशांत तो बिचारा काम करतो.

पण धोकाही सांगितला पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी आणली. काही दिवसांत थोडी सूट दिली, आणि पूर्ण मोकळीक मिळाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठी. मधल्या काळात ज्यांची यंत्रणा फक्त रसावर बेतलेली होती ते अडकले. सी-हेवी मळीला त्या हुकमाचा धक्का नव्हता. शिवाय आता मक्याचे इथेनॉल उसाच्या पुढे गेले आहे. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले, तेव्हा तिथली जागाही भरत आली. म्हणून डिस्टिलरी वाढवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न हा विचारावा : रस, बी-हेवी, सी-हेवी आणि धान्य, यातल्या कोणकोणत्या मालावर ती चालेल?