जुनी एकचाकी घेताना आधी क्रँक हलवून बघा

एकचाकी सायकल म्हटली की आपल्याला सर्कशीतला विदूषक आठवतो. जपानमध्ये मात्र अनेक प्राथमिक शाळांच्या मैदानावर मुलांसाठी एकचाकी सायकली ठेवलेल्या असतात. ती चालवताना आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, डोळे, पायांचे सांधे आणि लहान मेंदू यांना क्षणाक्षणाला एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते. पोट आणि पाठीच्या स्नायूंनाही चांगले काम मिळते. आपल्याकडेही आता हौसेने एकचाकी शिकणारे, आई-वडिलांसाठी तीनचाकी शोधणारे आणि पाठ टेकून चालवायची रिकंबंट सायकल घेऊ पाहणारे लोक दिसतात.

अशा सायकली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, नव्या घ्यायच्या तर महाग पडतात. म्हणून शोध सुरू होतो तो जुन्या मालाचा. सायकलप्रेमींचे गट, जुन्या वस्तूंच्या जाहिराती, मूल मोठे झाल्याने घरात पडून राहिलेली सायकल, हे त्याचे नेहमीचे मार्ग. यात एक अडचण असते. विकणाऱ्याला त्या सायकलीतले फारसे कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. अशा वेळी एक साधा नियम उपयोगी पडतो. ती सायकल ज्या गोष्टीमुळे वेगळी आहे, तीच गोष्ट सर्वांत आधी तपासा.

एकचाकीचे वेगळेपण तिच्या क्रँकमध्ये आहे. क्रँक म्हणजे पेडलला चाकाच्या आसाशी जोडणारा दांडा. साध्या एकचाकीला चेन नसते, फ्री व्हील नसते आणि बहुधा ब्रेकही नसतो. पुढे जाणे, थांबणे, मागे येणे आणि तोल सावरणे हे सगळे पायांनी करायचे असते. म्हणजे क्रँक आणि आस यांच्या जोडावर प्रत्येक फेरीत पुढून आणि मागून, असा उलटसुलट जोर येतो. तिथला बोल्ट जरा ढिला राहिला आणि सायकल तशीच चालवली, तर क्रँकचे चौकोनी भोक झिजून गोलसर होते. मग कितीही आवळले तरी ते पकड घेत नाही. नेमका तोल सावरताना क्रँक फिरला, तर स्वार खाली येतो.

तपासणी अगदी सोपी आहे. दोन्ही क्रँक हातात धरा, एक पुढे ढकला आणि दुसरा मागे ओढा. ‘टक्’ असा आवाज आला किंवा हालचाल जाणवली, तर जोड ढिला आहे. फक्त क्रँक झिजला असेल तर तो बदलता येतो. आसच झिजला असेल, तर बहुधा हब बदलून सगळ्या तारा नव्याने भराव्या लागतात आणि स्वस्तातला सौदा महागात जातो. त्यानंतर चाक उचलून फिरवा. रिम आऊट असेल तर चिमट्याजवळ लगेच दिसेल. टायर धरून डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे बेअरिंगमधला खुळखुळाट कळेल. चिमट्याच्या वरच्या जोडाजवळ रंगात बारीक रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. नख अडकले, तर तो तडा असण्याची शक्यता आहे.

एकचाकी पुढून-मागून सारखीच दिसते, म्हणून चाक उलटे बसवलेले अनेकदा लक्षात येत नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते चालवताना सुटू नये म्हणून. चाक उलटे बसले की दोन्ही पेडल हळूहळू सैल होत जातात. सीटवर बसल्यावर ‘एल’ अक्षराचा क्रँक डाव्या पायाखाली यायला हवा.

मापही शरीराप्रमाणे बघा. शिकण्यासाठी २० इंची चाक सोयीचे. शेजारी उभे राहिल्यावर सीट साधारण बेंबीपर्यंत यावी. टायरवरचा आकडाही वाचा, कारण ‘२० इंची’ नावाने ४०६ आणि ४५१ मिलिमीटर अशी दोन मापे मिळतात. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

हाच नियम इतर सायकलींनाही लागू पडतो. घडीच्या सायकलीत बिजागरी बघा. लॉक लावल्यावर ती जराही हलता कामा नये. दोघांच्या सायकलीत वजन दुप्पट, त्यामुळे मागच्या चाकाच्या तारा आणि ब्रेक बघा. रिकंबंटची चेन नेहमीच्या सायकलीच्या अडीच-तीन पट लांब असते. १९३३ मध्ये फ्रान्समध्ये अशा सायकलीवर तासाभरात ४५ किलोमीटरचा विक्रम झाला आणि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला नेहमीच्या शर्यतींतून बाद केले. तिचा प्रसार फारसा झाला नाही. सुटे भाग सहज मिळत नाहीत ते त्यामुळेच. चेनच्या १२ इंच लांबीत २४ कड्या बसतात. मोजल्यावर ही लांबी आठवा भाग इंच वाढलेली दिसली, तर चेन संपली असे समजा.

सर्वांत जास्त सावधपणा हवा तो ज्येष्ठांसाठी तीनचाकी घेताना. ‘तीन चाके म्हणजे पडणार नाही’ हा समज अपुरा आहे. दुचाकी वळणावर आत झुकते, साधी तीनचाकी झुकत नाही. वेगात वळली, तर ती बाहेरच्या बाजूला कलंडू शकते. बैठक जितकी उंच, तितका हा धोका जास्त. शिवाय ती उतारावर उभ्या उभ्या घरंगळते. चढता-उतरताना गाडी जागेवर धरून ठेवणारा हात-ब्रेक नसेल, तर पडण्याची भीती तिथेच जास्त. म्हणून ज्यांना चालवायची आहे त्यांनाच सोबत न्या. सपाट जागेवर चालण्याच्या वेगाने दोन्ही बाजूंना वळून बघू द्या. चक्कर, गुडघेदुखी किंवा हाडांचा ठिसूळपणा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एकचाकी शिकताना पडायला होतेच. पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगटाला इजा होते. त्यामुळे मनगट व नडगीची संरक्षक पट्टी आणि हेल्मेट या खर्चात धरा. हेल्मेट मात्र जुने घेऊ नका. एका आपटण्यात आतला फोम दबून गेलेला असतो आणि बाहेरून ते कळत नाही.

विकणारा क्रँक हलवू देत नसेल, चालवून बघू देत नसेल, तर किंमत कितीही कमी असो, परत फिरा.