स्किझोफ्रेनियात आधी कोणाकडे जायचं? कामगारांना ईएसआयचा 'हा' लाभ माहीत आहे का?

'एकटाच पुटपुटतो', 'कंपनीतले सगळे माझ्यावर टपलेत म्हणतो', 'आठ दिवस आंघोळ नाही'. सणसवाडीतल्या भाड्याच्या खोलीत स्किझोफ्रेनिया अशा वाक्यांतून समोर येतो. दोष मात्र रात्रपाळीला, दारूला नाहीतर 'बाहेरच्या' बाधेला दिला जातो. हा आजार बहुतेकदा विशीत-तिशीत सुरू होतो. सणसवाडी-शिक्रापूर-रांजणगाव पट्ट्यात कामाला येणाऱ्या मुलांचं वयही साधारण तेच.

डॉक्टर कोणता?

इथेच सर्वाधिक गल्लत होते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. निदान आणि औषधं त्याच्याकडे. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि समुपदेशन करतो, औषध लिहून देत नाही. या आजारात नुसतं समुपदेशन पुरत नाही, त्यामुळे पहिली फेरी मानसोपचारतज्ज्ञाकडेच हवी.

औषध किती दिवस?

रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारखी औषधं मेंदूतल्या डोपामाइनच्या संदेशांना आवर घालतात. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. झोप येणं, वजन वाढणं, हात थरथरणं हे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगितले की डोस किंवा औषध बदलता येतं. खरी गडबड होते ती बरं वाटल्यावर. 'आता काय गरज?' म्हणून गोळी बंद होते आणि काही महिन्यांत भास परततात. रोजची गोळी चुकत असेल तर दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शनही असतं. दोन औषधांनी गुण आला नाही तर क्लोझापिन देतात, पण त्यात नियमित रक्त तपासावं लागतं. विजेच्या उपचाराची भीती सिनेमांनी वाढवली आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो भूल दिल्याशिवाय करायला बंदी आहे.

पगाराचं काय?

पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर हे नीट वाचा. ईएसआयच्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे. ईएसआय डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर ८० टक्के वेतन, कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. अट अशी की दोन वर्षं विमित नोकरी आणि आधीच्या चार अंशदान कालावधींत किमान १५६ दिवसांचं अंशदान हवं. कंत्राटी कामगारांनाही हे लागू आहे. ठेकेदार बदलला तरी जुनाच विमा क्रमांक द्या, नाहीतर आधीचे दिवस मोजणीतून निसटतात.

जायचं कुठे?

सणसवाडीहून पुण्याकडे याच महामार्गाने गेलात की येरवडा लागतं. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेलं म्हणजे भरती व्हावंच लागतं, असं नाही. घरच्यांसाठी पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आधारगट चालवते. २००४च्या 'देवराई' चित्रपटामागे हीच संस्था होती. आधी फोनवर विचारायचं असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६. फोन मोफत, २४ तास आणि मराठीतही.